गस्तीची बॅटरी, उशाची बॅटरी
कमी पैशात भरवशाचा उजेड कसा निवडावा

शेतीपंपाची थ्री फेज लाइट रात्रीच्या पाळीला आली की माकणीच्या शिवारातला शेतकरी जेवण उरकून बांधाची वाट धरतो. खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. तेरणेवरच्या निम्न तेरणा धरणाची भिंत तेव्हा काळोखात लांबच लांब आडवी पसरलेली असते. त्याच रात्री कुणी सोयाबीनच्या बनमीजवळ जागलीला असतं, कुणी शाळेच्या आवारात, कुणी साखर कारखान्याच्या यार्डात, कुणी पेट्रोल पंपावर रखवालीला असतं. या सगळ्यांच्या हातात एकच वस्तू सारखी असते. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च, आणि आपल्याकडे बॅटरी. या लेखात मीही बॅटरीच म्हणेन, आणि तिच्या आत बसतो त्याला सेल.

ही वस्तू दोनशेपासून हजार रुपयांपर्यंत कुठेही मिळते. पण ती घेताना बहुतेक जण खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघतात, दुकानात पांढरा लखलखाट बघतात आणि पैसे देतात. दोन महिन्यांनी तीच बॅटरी कोनाड्यात मेलेली सापडते. चूक घेणाऱ्याची नसते. काय बघायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते इथे सांगायचा प्रयत्न आहे.

सगळ्याचं सार एका ओळीत असं: बॅटरी झोतावर घेऊ नका, तासांवर घ्या. पहाटे चार वाजता जी पेटते ती चांगली बॅटरी.

आधी काम ठरवा

दुकानात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं घरीच काढा. मला काय बघायचं आहे? किती लांबून? रात्रीतून किती वेळ?

पायवाटेने चालायला, बांधावरून जायला, गोठ्यात जनावरं बघायला ५० ते १०० ल्युमेन पुष्कळ झाले. आपल्या आजोबांची दोन जाड सेलांची, पिवळ्या बल्बची बॅटरी जेमतेम १५-२० ल्युमेन उजेड द्यायची आणि त्यावर त्यांनी अख्खी हयात काढली. इथे झोत पसरट हवा, म्हणजे पायापुढची दहा-पंधरा पावलं सारखी दिसतात.

आवाराची गस्त असेल, कुंपण, पत्र्याचं शेड, उभे ट्रक बघायचे असतील, तर १५० ते ३०० ल्युमेन आणि मध्ये गोळा झालेला झोत लागतो. भोवती थोडा पसरलेला उजेडही हवा, नाहीतर झोतात भिंत दिसते आणि पायाखालचा दगड दिसत नाही.

दूरचं बघायचं असेल, उसाच्या फडाचं टोक, तळ्याचा पलीकडचा काठ, तर ल्युमेनपेक्षा झोताची एकाग्रता महत्त्वाची. याचा हिशेब पुढे येईलच.

दोन्ही हात कामात असतील, ऊस भरायचा आहे, धार काढायची आहे, पाइपाचा जॉइंट बसवायचा आहे, तर डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. तोंडात बॅटरी धरून काम करणारी माणसं मी लहानपणापासून पाहतो आहे. आता दोन-तीनशे रुपयांत डोक्याची बॅटरी मिळते, तेव्हा ती सवय सोडायला हरकत नाही.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो पसरला की गोळा झाला हे त्यातून कळत नाही. झोताच्या मध्यभागी किती जोर आहे ते कँडेला या आकड्यात सांगतात. चांगल्या कंपन्या झोताचं अंतरही मीटरमध्ये छापतात. ते अंतर कसं काढतात हे कळलं की अर्धी फसवणूक टळते. जिथे उजेड पाव लक्स उरतो, तिथपर्यंत झोत पोचला असं मानतात. पाव लक्स म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे खोक्यावर २०० मीटर लिहिलं असेल, तर २०० मीटरवर चांदण्याइतकं दिसेल. काहीतरी हललं हे कळेल, कोण हललं हे कळणार नाही. माणूस ओळखायचा असेल, कपड्यांचा रंग सांगायचा असेल, तर त्या अंतराचा तिसरा हिस्सा धरा. तेवढ्यावर उजेड नऊपट होतो.

खोक्यावर फक्त कँडेला असतील तर त्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा. १०,००० कँडेलाचं वर्गमूळ १००, दुप्पट २०० मीटर.

आता सर्वांत मोठी थाप. बाजारात, विशेषतः ऑनलाइन, १०,००० आणि ५०,००० ल्युमेनच्या बॅटऱ्या चारशे-पाचशे रुपयांना दिसतात. हिशेब करून बघा. चांगला एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन देतो. १०,००० ल्युमेनला १०० वॉट लागतील. हातातल्या छोट्या बॅटरीत असतो तो एक लिथियम सेल, साधारण २००० एमएएच आणि ३.७ व्होल्टचा. त्यातली एकूण वीज ७.४ वॉट-तास. म्हणजे १०० वॉटने तो सेल चार-साडेचार मिनिटांत रिकामा होईल, आणि तेवढी उष्णता सोसणारी नळी मुठीत धरवणार नाही. तो आकडा फक्त खोक्यावर असतो.

खरा हिशेब असा धरा. ७.४ वॉट-तासांतून सातशेच्या आसपास ल्युमेन-तास निघतात. सर्किट आणि काच थोडं खातात, म्हणून सहाशे धरू. हे सहाशे म्हणजे तुमची शिदोरी. १०० ल्युमेनने जाळली तर सहा तास, ३०० ने जाळली तर दोन तास, ६०० ने जाळली तर एक तास. शिदोरी तीच, तुम्ही किती घाईने संपवता एवढाच प्रश्न. म्हणून बॅटरीला कमी उजेडाचा टप्पा असणं ही चैन मानू नका. गस्तवाल्यासाठी तो टप्पा म्हणजे आख्खी रात्र.

आणखी एक गोष्ट. लावल्या लावल्या जो झोत पडतो तो टिकत नाही. एलईडी तापला की बऱ्याच बॅटऱ्या काही मिनिटांत आपोआप मंद होतात. ते एलईडी वाचवण्यासाठीच असतं, दोष नव्हे. म्हणून बॅटरी पारखताना पहिल्या क्षणाचा उजेड सोडून द्या आणि दहा मिनिटांनंतरचा बघा.

सेल कोणता, यावर सगळं अवलंबून

एलईडी आता जवळपास सगळेच बरे असतात. बॅटरी मरते ती सेलामुळे. स्वस्तात चार प्रकार मिळतात.

पहिला, बदलायचे साधे सेल: जाडे किंवा पेन्सिल सेल. यांचा मोठा गुण असा की गावातल्या किराणा दुकानात केव्हाही मिळतात. चार दिवस लाइट नसली तरी बॅटरी चालते. पण रोजच्या गस्तीला खर्च परवडत नाही, आणि सेल आत विसरले की पाझरून पत्र्या खातात. क्वचित लागणाऱ्या बॅटरीसाठी हे उत्तम, मात्र सेल काढून शेजारी ठेवावेत.

दुसरा, पेन्सिल सेलाच्याच आकाराचे चार्ज होणारे निकेल सेल. वेगळा चार्जर घ्यावा लागतो, पण सेल नीट वापरले तर काही वर्षं चालतात, आणि अडल्या वेळी त्याच बॅटरीत साधे सेलही बसतात.

तिसरा, लेड अ‍ॅसिड. हातात जड लागणारी, पिस्तुलासारखी मूठ असलेली किंवा कंदिलासारखी, खोक्यावर ४ व्होल्ट लिहिलेली बॅटरी बहुधा याच जातीची. स्वस्त असते, उजेडही बरा देते. पण हा सेल रिकामा ठेवला की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर थर बसतो आणि तो पुन्हा चार्ज घेत नाही. पावसाळ्यात वापरली, उजेड संपला, तशीच अडगळीत टाकली आणि दिवाळीला काढली तर ती मेलेलीच निघते. वापरली नाही तरी दर महिन्याला चार्ज करायची शिस्त असेल तरच ही घ्या.

चौथा, लिथियम. वजनाला हलका, शिदोरी मोठी, पडून राहिला तरी महिनोन् महिने चार्ज धरून ठेवतो. रखवालीच्या कामासाठी आज हाच योग्य. १८६५० असा आकडा ज्यावर असतो तो गोल सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. तो बाहेर काढता येईल अशीच बॅटरी निवडा. सेल दोन-तीन वर्षांत थकतो, तेव्हा फक्त सेल बदलता येतो आणि बॅटरी टिकते. आत कायमचा चिकटवलेला असेल तर सेलाबरोबर सगळंच टाकावं लागतं.

या सेलातही बनवाबनवी चालते. खऱ्या १८६५० सेलाची क्षमता २००० ते ३५०० एमएएचच्या आसपास असते. त्यावर ९९०० किंवा १२,००० छापलेलं दिसलं की तो तिथेच परत करा. संशय असेल तर किराणा दुकानाच्या किंवा सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. खरा सेल साधारण ४३ ते ५० ग्रॅम भरतो. एका बॅटरीबरोबर आलेला असा मोठ्या आकड्याचा सेल मी काट्यावर ठेवला, तर तो तीस ग्रॅमसुद्धा भरला नाही. वजन खोटं बोलत नाही.

लिथियम सेलावर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं, नोंदणी चिन्ह असतं, ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ अंक. बीआयएसच्या केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते तिथल्या तिथे बघता येतं.

रखवालदाराची बॅटरी

बारा तासांची रात्रपाळी आहे आणि दर तासाला पंधरा मिनिटांची फेरी आहे असं धरू. म्हणजे रात्रीतून तीन तास उजेड. १५० ल्युमेनने तीन तास म्हणजे साडेचारशे ल्युमेन-तास. एका २००० एमएएचच्या सेलाची शिदोरी सहाशे. भागतं, पण शिल्लक फार नाही, आणि सेल जुना झाला की तीही उरत नाही. म्हणून रखवालदाराकडे एक जादा चार्ज केलेला सेल खिशात हवाच. सेल नुसता खिशात टाकू नका. किल्ली किंवा नाण्याला टेकला तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. त्याची प्लास्टिकची डबी पंधरा-वीस रुपयांत येते.

बटण साधं असावं. झुप-झुप करणारा, एसओएस देणारा असे पाच-पाच टप्पे असलेली बॅटरी अंधारात घाईच्या वेळी नेमका नको तो टप्पा लावते. दोन किंवा तीन टप्पे पुरेत, आणि मागचा टप्पा लक्षात ठेवणारी असेल तर फारच बरं. बटण हातमोज्यातून, ओल्या बोटांनीही दाबता आलं पाहिजे. मनगटाला अडकवायची दोरी हवी. नळी अॅल्युमिनियमची असेल तर उष्णता बाहेर पडते आणि पडझड सोसते.

पावसासाठी आयपीएक्स ४ हे किमान. याचा अर्थ कोणत्याही बाजूने पाणी उडालं तरी चालेल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालेल. धरणाच्या काठी, कालव्यावर, विहिरीवर काम करणाऱ्याने तीच घ्यावी. मात्र चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मोबाइलच्या उजेडावर गस्त घालू नका. तो उजेड थोड्या अंतरावर विरतो, आणि दोन तासांनी मोबाइलच बंद पडला तर ११२ ला फोन कशावरून करणार? बॅटरी उजेडासाठी, मोबाइल मदतीसाठी. दोन्ही वेगळे ठेवा.

आणि एक गोष्ट नोकरीवर ठेवणाऱ्यांना सांगायची आहे. रखवालदार ज्या मालाची राखण करतो तो लाखोंचा असतो. सहाशे-सातशे रुपयांची बॅटरी आणि जादा सेल त्याच्या पगारातून जाऊ नये. सोसायटी असो, संस्था असो, गोदाम असो, बॅटरी मालकाने द्यावी आणि चार्जिंगसाठी चौकीत एक चांगला प्लगही द्यावा. अंधारात उभ्या केलेल्या माणसाला उजेड देणं हे उपकार नव्हेत, ती देणाऱ्याची जबाबदारी आहे.

शेतात, रानात, वाटेवर

रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याचा मोठा धोका पायाखाली असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. मण्यार तर रात्रीचीच फिरते. इथे लांब झोताची बॅटरी कुचकामी. पसरट उजेड हवा आणि तो दोन-तीन पावलं पुढे जमिनीवर हवा. फार पांढऱ्या, निळसर उजेडात मातीचा, पाचोळ्याचा आणि सापाच्या अंगाचा रंग एकमेकांत मिसळतो. ४००० ते ५००० केल्विनचा थोडा पिवळसर-पांढरा उजेड असेल तर रंग वेगळे दिसतात. दोन बॅटऱ्या शेजारी लावून वाळलेल्या पानांवर उजेड पाडून बघा, फरक लगेच कळेल. बॅटरीबरोबर गुडघ्यापर्यंतचे बूट आणि काठी हवीच. आणि साप चावलाच तर बॅटरी घेऊन त्याला शोधत बसू नका. धावपळ न करता १०८ ला फोन करा आणि माणसाला थेट दवाखान्यात न्या.

बुडाला चुंबक आणि बाजूला पट्टीसारखा उजेड असलेली बॅटरी शेतकऱ्याच्या फार कामाची. ती स्टार्टरच्या पेटीला चिकटते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पण उजेड आहे म्हणून ओल्या हाताने, ओल्या पायाने पेटी उघडण्याचं धाडस करू नका. फ्यूज गेला असेल तर सकाळ होऊ द्या.

नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी एवढं करावं: हातातल्या बॅटरीचा झोत पुढच्या माणसाच्या पायांवर ठेवावा, आणि घोळक्यातल्या शेवटच्या माणसाच्या पाठीवर चकाकणारी पट्टी किंवा लाल दिवा लावावा. रस्त्यावर आपल्याला दिसण्याइतकंच गाडीवाल्याला आपण दिसणंही महत्त्वाचं. ऊसतोडीच्या टोळ्यांनी, ट्रॉलीच्या मागे चालणाऱ्यांनीही हेच करावं.

दुकानात पाच मिनिटांची पारख

१. खोकं उघडायला लावा. ल्युमेन, तास आणि सेलाची क्षमता तिन्ही छापलेलं आहे का बघा. फक्त मीटर किंवा फक्त वॉट लिहिलं असेल तर सावध राहा.

२. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीवर झोत पाडा. मध्ये काळे डाग, कडेला निळी कडी नको.

३. बॅटरी हातावर हलकेच आपटा. उजेड लुकलुकला तर आतली जोडणी सैल आहे.

४. झाकण उघडून आटे बघा. त्यावर रबरी चकती हवी, आटे धारदार नकोत.

५. मोबाइलच्या टाइप-सी वायरने चार्ज होणारी असेल तर दोन्ही प्रकारच्या वायरी लावून बघा. काही स्वस्त बॅटऱ्या दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीने चार्ज होतच नाहीत. त्यांना दुसऱ्या टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली वायर लागते.

६. पक्कं बिल घ्या. हमी किती महिन्यांची, सेल धरून की सोडून, हे बिलावरच लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

घरी आल्यावर खरी परीक्षा. रात्री मोकळ्या रस्त्यावर उभे राहा. सत्तर पावलं म्हणजे साधारण पन्नास मीटर. तिथे घरातल्या कुणाला उभं करा आणि त्याच्या हातात काय आहे ते ओळखता येतं का बघा. मग पूर्ण चार्ज करून मधल्या टप्प्यावर लावून ठेवा आणि घड्याळ बघा. सहा तास लिहिले असतील आणि अडीच तासांत बंद पडली, तर दुसऱ्याच दिवशी परत करा.

चार्जिंग आणि निगा

जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांना बुडातून दोन पिना बाहेर येतात आणि त्या थेट २३० व्होल्टच्या प्लगात जातात. अशा बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे आतल्या सर्किटमध्ये घरातली वीज थेट खेळत असते. ती प्लगात असताना तिला हात लावू नका, लावून बघू नका, फुटलेल्या काचेतून बोट घालू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. घरात लहान मूल असेल तर हा प्रकार घेऊच नका. मोबाइलच्या चार्जरवर, पाच व्होल्टवर चालणारी बॅटरी घ्या.

लिथियमची बॅटरी गादीवर, उशीखाली चार्ज करू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पारा फार चढतो. भरदुपारी तिथे चार्जिंग नको. रात्री, फरशीवर, मोकळ्या हवेत लावा. सेल फुगला, वास आला, चार्ज होताना चटका बसण्याइतका तापला तर वापर तिथेच थांबवा. तो सेल शेकोटीत किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुने सेल परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ते दुकानदाराकडे परत द्या.

साध्या सेलांनी पाझरून पत्र्या हिरव्या केल्या असतील तर सेल काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि बारीक पॉलिश पेपरने पत्र्या घासा. बऱ्याच ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यानेच जिवंत होतात.

उजेड कुणावर पडतो आहे

२०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आणि अफवा मराठवाड्यातल्या अनेक गावांत पसरल्या आणि तरुण पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन जागू लागली. गाव राखणं चांगलंच. पण गस्तीवरच्या बॅटरीचं काम ओळख पटवण्याचं आहे, हे प्रत्येकाने मनात पक्कं करावं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे चोर असल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा जीव घेतला. काळोखात अफवेला चेहरा लागत नाही.

म्हणून अनोळखी माणूस दिसला तर झोत आधी त्याच्या हातांवर टाका, मग छातीवर. डोळ्यांवर टाकू नका. डोळे दिपलेला माणूस घाबरतो, पळतो, आणि पळणारा माणूस आपल्याला चोरच वाटतो. आधी उजेड, मग ‘कोण पाहिजे?’ असा प्रश्न, मग पोलीस पाटलांना किंवा ११२ ला फोन. हात उगारणं यात कुठेच बसत नाही. समोरून येणाऱ्या गाडीवर झोत मारणं हाही अपघाताला निमंत्रण देण्याचाच प्रकार. आणि आपल्याही डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा मोठा झोत लावला की ती मोडते. म्हणून चालताना मंद, आणि शोधताना मोठा.

उशाची बॅटरी

शेवटी घराकडे येतो, कारण आपल्या भागात हा विषय घरापाशीच सुरू झाला आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत जमीन हादरली. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. दगडी भिंतींची, माळवदाची घरं झोपेतल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. जी उठली त्यांच्यापुढे धूळ होती आणि मिट्ट काळोख. ढिगाऱ्याखालून आवाज येत होता आणि वर उजेड नव्हता. मिळेल त्या उजेडावर लोकांनी उजाडेपर्यंत माणसं शोधली.

त्याच १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी तयार करून दाखवला. त्या निळ्या उजेडावर पिवळ्या पावडरीचा थर देऊन पांढरा उजेड मिळवता येऊ लागला, आणि आज आपल्या हातात जी बॅटरी आहे ती त्यातूनच आली. या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या पहाटे ज्या उजेडासाठी लोक तडफडले, तो आज तीनशे रुपयांत मिळतो. मग तो प्रत्येक उशापाशी नसावा, याला कारण उरत नाही.

घरात निदान दोन बॅटऱ्या ठेवा. एक रोजच्या वापराची, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठल्यावर हाताने चाचपून सापडेल अशी. दुसरी साध्या पेन्सिल सेलांची, सेल शेजारी पिशवीत, कोणत्याही कामासाठी न काढायची. घर हादरलं, पूर आला, गॅसचा वास आला, तर काडी ओढायची नाही. आधी दार-खिडक्या उघडून बाहेर पडायचं, आणि बॅटरी बाहेर मोकळ्यावर येऊन लावायची.

आणि एक सवय लावून घेऊ या. दरवर्षी ३० सप्टेंबरला आपल्या भागात गेलेल्या माणसांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्या दिवशी संध्याकाळी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या ओट्यावर मांडा. लेड अ‍ॅसिडवाली चार्जला लावा, लिथियमवालीचे तास मोजा, पिशवीतले साधे सेल बदला, पत्र्या पुसा. पोरांच्या हातात देऊन प्रत्येक बॅटरी एकदा लावून बघायला सांगा. मग दिवे मालवून त्यांना विचारा, अंधारात दाराजवळचा तो खिळा कुठे आहे? त्यांचा हात न चुकता तिथे गेला, की तुमची खरेदी पूर्ण झाली.